मुंबईतलं स्वस्त हॉटेल: भाडं सगळ्यात शेवटी बघा

सोलापूरहून रात्रीची सिद्धेश्वर पकडायची, सकाळी सीएसएमटीला उतरायचं, काम उरकून दुसऱ्या रात्री त्याच गाडीनं परत. कधी हायकोर्टातली तारीख, कधी काकांची टाटा हॉस्पिटलमधली तपासणी. या फेऱ्यांत इतके लॉज पालथे घातले की आता एक खोडच लागली आहे: हॉटेल शोधताना भाड्याचा आकडा मी सगळ्यात शेवटी बघतो.

पहिली पायरी: काम कुठल्या स्टेशनावर आहे ते ठरवा

मुंबईत अंतर किलोमीटरमध्ये मोजून उपयोग नाही, लाइन बघायची. हायकोर्ट म्हणजे चर्चगेट किंवा सीएसएमटी. टाटा, केईएम म्हणजे मध्य रेल्वेवर परळ आणि पश्चिमेवर प्रभादेवी. हॉटेल शक्यतो त्याच लाइनवर घ्या. दोन दिशांना कामं असतील तर दादर बरं, तिथं दोन्ही लाइन मिळतात. स्टेशनात फास्ट लोकल थांबते का, हेही बघून ठेवा.

जाहिरातीतल्या ‘स्टेशनपासून पाच मिनिटं’वर भाळू नका. कुठल्या बाजूला, ईस्ट की वेस्ट? बॅगा घेऊन पूल चढून पलीकडं उतरायचं म्हटलं की त्या पाच मिनिटांची पंधरा होतात.

मरोळ-साकीनाक्याकडच्या खोल्या मी पूर्वी यादीतूनच काढून टाकायचो. ऑक्टोबर २०२५मध्ये मेट्रो ३ आरेपासून थेट कफ परेडपर्यंत सुरू झाली आणि मत बदललं. मरोळ नाक्याला बसलं की बीकेसी, सीएसएमटी, चर्चगेट एकाच गाडीत. लोकलच्या गर्दीत घुसावं लागत नाही.

दुसरी पायरी: जाण्यायेण्याचा खर्च भाड्यात मिळवा

समजा काम हायकोर्टात आहे; ठाण्यात खोली १२०० रुपयांना आहे आणि कोर्टाजवळच्या फोर्ट भागात २००० रुपयांना. एकटे असाल, पाठीला एक सॅक असेल, तर डोळे झाकून ठाणं घ्या. लोकलचं तिकीट किरकोळ आहे, ८०० रुपये खिशात राहतात. पण सोबत वयस्कर माणूस असेल तर सकाळी साडेआठच्या लोकलमध्ये त्याला चढवता येत नाही. मग टॅक्सी आली, आणि ठाण्याहून फोर्टापर्यंतच्या एकाच फेरीत ते ८०० गेलेच म्हणून समजा. रिक्षानं भागवू म्हणाल, तर वांद्रे आणि सायनच्या पुढं शहरात रिक्षाला बंदी आहे. नवख्या माणसाचा हिशेब इथंच चुकतो.

तिसरी पायरी: बुक करण्याआधी हॉटेलला फोन लावा

पहिला प्रश्न खिडकीचा. एकदा स्टेशनजवळ ९०० रुपयांत खोली मिळाली म्हणून मी खुशीत होतो. फोटोत पडदा होता. रात्री तो सरकवला, तर मागं हातभर रुंदीचा डक्ट, त्यात पाण्याचे पाइप, आणि खालच्या भटारखान्याचा पंखा सगळा धूर वर ढकलतोय. सकाळी कोर्टात उभा होतो तेव्हा शर्टाला भज्यांचा वास येत होता. तेव्हापासून ‘खिडकी आहे का’ असं मी विचारत नाही. ‘खिडकी उघडली की काय दिसतं?’ असं विचारतो. पलीकडचा माणूस अडखळला की समजून जायचं.

दुसरा प्रश्न लिफ्टचा. फोर्ट आणि ग्रँट रोडकडच्या जुन्या इमारतींत हॉटेल तिसऱ्या-चौथ्या मजल्यावर असतं आणि जाळीच्या दाराची लिफ्ट चालूच असेल असं नाही. गुडघेदुखीवाल्यांनी हे आधी विचारावं, संडास कमोडचा आहे का तेही. गरम पाणी दिवसभर की सकाळी ठरावीक वेळात, हा तिसरा प्रश्न.

पावसाळ्यात येणार असाल तर दादर-परळ भागात हिंदमाताच्या आसपास पाणी साचतं का, हे हॉटेलवाल्यापेक्षा जवळच्या ओळखीच्या माणसाला विचारा.

चौथी पायरी: घड्याळ जुळवा

गाडी सकाळी लवकर पोचते आणि बऱ्याच हॉटेलांत खोली दुपारी बारानंतर मिळते. लवकर हवी तर कुणी अर्ध्या दिवसाचं भाडं लावतं, कुणी पूर्ण. म्हणून ‘चोवीस तास चेक-आउट’वाला लॉज मला दोनशे रुपये जास्त देऊनही परवडतो. सातला घेतली की दुसऱ्या दिवशी सातपर्यंत खोली आपली.

नुसती अंघोळ आणि चार तास झोप हवी असेल तर हॉटेल कशाला? कन्फर्म तिकिटाच्या पीएनआरवर आयआरसीटीसीकडून स्टेशनातली रिटायरिंग रूम मिळते, फक्त आधीपासून बघावं लागतं. मुंबई सेंट्रलला २०२१पासून पॉड हॉटेलही आहे, म्हणजे खोलीऐवजी झोपण्यापुरता छोटा कप्पा. एकट्याला ठीक, पण ज्याला बंदिस्त जागेत घुसमटतं त्यानं त्या वाटेला जाऊ नये. कॅन्सरच्या पेशंटसोबत येणाऱ्यांनी दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत आधी चौकशी करावी.

पाचवी पायरी: आता भाडं

सांगितलेला दर जीएसटी धरून आहे का, ते विचारा. रात्रीला ७५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर २२ सप्टेंबर २०२५पासून ५ टक्के आहे, आधी १२ होता. जुन्या दरानं हिशेब सांगत असतील तर टोका. तिसऱ्या माणसाच्या जादा गादीचे पैसेही आत्ताच ठरवून घ्या.

जमल्यास सगळे पैसे आगाऊ भरू नका. खोली बघायला मागा आणि आत गेल्यावर चार गोष्टी करा: चादर उचला, नळ सोडा, फ्लश ओढा, दाराची कडी आतून लावून बघा. भिंतीला ओल असेल किंवा कुबट वास येत असेल तर दुसरी खोली मागा. मागितल्यावर बहुतेक वेळा मिळते.

आणि परतीची गाडी रात्रीची असेल तर पैसे देण्याआधीच विचारा, ‘खोली सोडल्यावर बॅग रात्रीपर्यंत काउंटरपाशी ठेवाल ना?’ नाही म्हणाले तर सीएसएमटीचं क्लोकरूम आहे. तिथं बॅगेला कुलूप लागतं, ते घरूनच आणा.