खाली दुकान, वर बिऱ्हाड: शाकारणीचा खर्च करात कसा दाखवावा

घरपट्टीच्या पावत्या, भाड्याचा करार आणि खालचा-वरचा वेगळा वीजमीटर एवढं तुमच्याकडे आहे, असं धरून चालतो. अंदाजित नफ्यावर, म्हणजे उलाढालीच्या ८ किंवा ६ टक्क्यांवर विवरणपत्र भरत असाल, तर दुकानाचा कुठलाच खर्च वेगळा वजा होत नाही. मग फक्त भाड्याचा हिशेब बघा.

टेप घेऊन आतून क्षेत्रफळ मोजा. पडवीत माल असेल तर ती दुकानाची. नुसता वर जाणारा जिना घराचा. समजा दुकान ४०० चौरस फूट, वरचं घर ६०० चौरस फूट. म्हणजे दुकानाचा हिस्सा ४० टक्के. ही मापं कागदावर लिहून जपून ठेवा आणि दरवर्षी तोच हिस्सा लावा.

आता छप्पर. कोकणात पावसाआधी शाकारणी, म्हणजे कौलारू छपराची डागडुजी, चुकत नाही, आणि सगळे घोळ इथेच होतात. "छप्पर दुकानावरचंच ना, टाका सगळं दुकानात," असं मलाही सांगितलं होतं. मी तसं केलं आणि नंतर विवरणपत्र दुरुस्त करून व्याजासकट कर भरला. तो सल्ला अजूनही दिला जातो, याचा मला राग येतो.

शाकारणीला ५०,००० रुपये लागले, तर दुकानाच्या खर्चात २०,०००च जातात. उरलेले ३०,००० वर स्वतः राहत असाल तर घरखर्च. भाडेकरू असेल तरी ते वेगळे मिळत नाहीत, कारण भाड्यातून सरसकट ३० टक्के वजावट मिळते आणि दुरुस्ती त्यातच आली. भाडं वर्षाला ७२,०००, वरच्या मजल्याची भरलेली घरपट्टी २,००० असेल, तर उरतात ७०,०००. त्याचे ३० टक्के २१,००० वजा जाऊन कर लागतो ४९,०००वर. छपराला एक रुपया लागो की लाख, हे २१,००० बदलत नाहीत.

कौलं परतणं, कुजलेले वासे बदलणं ही दुरुस्ती. कौलं काढून स्लॅब टाकलात तर तो भांडवली खर्च. दुकानाच्या हिश्श्यावर दरवर्षी १० टक्के घसारा, म्हणजे झिजेपोटीची वजावट मिळते, एकदम काही नाही. गवंड्याकडून दोन्ही कामांची बिलं वेगळी घ्या.

इमारतीसाठी कर्ज असेल, तर त्याचं व्याजही त्याच प्रमाणात फोडा.

घरपट्टी ३१ मार्चच्या आत भरा. भाड्यातून वजा होते ती त्या वर्षात मालकाने प्रत्यक्ष भरलेली रक्कम, नुसती आकारणी नाही.