लिंक्ड लिस्टमध्ये १ सापडतो, पण ५९०००१ सापडत नाही : माझा अनुभव

बेळगाव, खानापूर आणि निपाणी यांचे पिनकोड साठवण्यासाठी जावामध्ये लिहिलेल्या जेनेरिक (कोणत्याही प्रकारचा डेटा घेणाऱ्या) लिंक्ड लिस्टची, म्हणजे एकमेकांना जोडलेल्या नोडच्या (डेटाच्या कप्प्यांच्या) यादीची, ‘कंटेन्स’ (मूल्य यादीत आहे का हे सांगणारी) मेथड १, २, ३ या आकड्यांवर अचूक उत्तर देत होती. मात्र ५९०००१ यादीत असूनही ती ‘फॉल्स’ परत करीत होती, आणि मूल्य काढून टाकणारी ‘रिमूव्ह’देखील ५९१३०२ चा नोड तसाच ठेवत होती.

हेड-नेक्स्टची (पहिला नोड आणि पुढच्या नोडचा दुवा यांची) जोडणी तपासली, प्रत्येक नोड छापून पाहिला, लूपची अट बदलली. उपयोग झाला नाही. समोर दिसणारा आकडा प्रोग्रामने नाकारावा, हे फार वैतागवाणे होते.

दोष तुलनेत होता; दोन्ही मेथड ती == ने करीत होत्या. जेनेरिक यादीत इंट (साधा पूर्णांक) साठवताना त्याचा इंटिजर ऑब्जेक्ट होतो; -१२८ ते १२७ पर्यंतचे ऑब्जेक्ट जावा तयार ठेवते आणि तेच पुन्हा देते, त्यापलीकडे सहसा प्रत्येक वेळी नवा ऑब्जेक्ट मिळतो, तर == हे चिन्ह मूल्य न पाहता ऑब्जेक्ट तोच आहे का एवढेच पाहते.

प्रथम ‘जावा.युटिल.ऑब्जेक्ट्स’ इम्पोर्ट केले. नंतर दोन्ही मेथडमध्ये नोडमधील डेटाची तुलना ‘ऑब्जेक्ट्स.इक्वल्स’ने केली, ज्यामुळे डेटा नल (काहीच नसलेला) असला तरी प्रोग्राम कोसळत नाही; यादी संपली का हे पाहणारी ‘== नल’ ही अट मात्र तशीच ठेवली. शेवटी जेयुनिट या चाचणीच्या साधनामध्ये १२७, १२८, ५९१२३७ आणि नल यांच्या चाचण्या लिहिल्या. स्ट्रिंगची (मजकुराची) चाचणी ‘न्यू स्ट्रिंग’ने करावी, कारण सारखी लिटरल्स (कोडमध्ये थेट लिहिलेली मूल्ये) एकाच ऑब्जेक्टकडे निर्देश करीत असल्याने हा दोष तिथे झाकला जातो.