वाइन द्राक्षे: पाणी उतरल्यापासून तोडणीपर्यंत जमीन आणि थंडी बघून करायची कामे

सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात फळछाटणी (घड येण्यासाठीची छाटणी) झालेल्या नाशिक भागातील वाइन बागांत डिसेंबर अखेरीस मण्यात पाणी उतरू लागते, म्हणजे मणी मऊ पडून पिकायला लागतो. तिथून तोडणीपर्यंत जातीनुसार ४० ते ६० दिवस मिळतात. जमिनीने आणि हवामानाने मण्यात जे आणून ठेवले आहे ते वायनरीच्या टाकीपर्यंत नीट पोचवणे, एवढेच आता आपल्या हातात आहे. खाण्याच्या द्राक्षाच्या सवयीने दिलेले जादा पाणी आणि पालाश (पोटॅशियमचे खत) नेमके तेच बिघडवतात. खाण्याच्या द्राक्षात मणी जितका मोठा तितका भाव. वाइनमध्ये रंग, टॅनिन (तुरट द्रव्य) आणि बराचसा सुवास सालीत असतो, त्यामुळे लहान मणी हवा. मणी फुगवण्यासाठी जिब्रेलिक ॲसिड (वाढीचे संजीवक) किंवा गर्डलिंग (खोडाची साल गोलाकार काढणे) वाइन बागेत करू नये.

थंडीचा हिशेब आधी

युरोपातील द्राक्ष उन्हाळ्याच्या शेवटी, तापमान उतरत असताना पिकते. आपल्याकडे वेल विसाव्याला जात नाही, म्हणून दोनदा छाटणी करून एकदाच पीक घ्यायचे आणि ते हिवाळ्यात पिकवायचे, अशी पद्धत बसली. पण जानेवारी सरला की आपले तापमान चढत जाते. मार्चमध्ये दुपारी पारा ३५ अंशांच्या आसपास किंवा वर जातो. म्हणजे जितका उशीर, तितकी घाई. आठवडाभर तोडणी लांबली तर थंड देशात थोडी गोडी वाढते. इथे त्याच आठवड्यात आम्लता कोसळते.

मण्यात मुख्य आम्ले दोन. मॅलिक आम्ल उष्णतेत झपाट्याने जळते, टार्टारिक बऱ्यापैकी टिकते. जानेवारीत निफाड, दिंडोरी पट्ट्यात रात्री पारा १० अंशांच्या आसपास किंवा त्याखाली जातो तेव्हा मॅलिक वाचते, आणि व्हाइट वाइनमध्ये जो ताजेपणा लागतो तो यातून येतो. लाल जातींचा रंगही थंड रात्रींत चांगला भरतो. मण्याचे तापमान ३५ अंशांच्या वर राहिले तर रंगद्रव्य बनणे मंदावते. त्यामुळे सोव्हिन्यों ब्लाँ, शेनिन ब्लाँ या लवकर येणाऱ्या पांढऱ्या जाती जानेवारी ते फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत उतरल्या पाहिजेत. शिराझ फेब्रुवारीत येते. काबर्ने सोव्हिन्यों सर्वांत उशिरा, त्यामुळे उन्हाचा मार तिलाच जास्त.

सोलापूर जिल्ह्यातील अकलूज भाग नाशिकपेक्षा कोरडा आणि उबदार आहे. तिथे सँजिओवेसेसारख्या इटालियन जाती चालतात, पण पांढऱ्या जातींना तोडणीची मुदत कमी दिवसांची मिळते. नाशिकचे आकडे तिथे जसेच्या तसे लावू नका.

खड्डा खणून बघा

नाशिक जिल्ह्यातील खडक एकच, बेसाल्ट. पण त्यावरची माती दर काही किलोमीटरला बदलते. गोदावरी-कादवा काठची खोल काळी माती, दिंडोरीच्या उतारावरची मध्यम काळी आणि मुरमाड, पश्चिमेला इगतपुरी-त्र्यंबककडे जास्त पावसाची तांबूस जमीन. एकाच प्लॉटमध्येही वरच्या अंगाला दीड फुटावर मुरूम (भुसभुशीत झिजका खडक) आणि खालच्या अंगाला तीन फूट काळी माती, असे नेहमी दिसते.

वाइनच्या चवीत माती थेट उतरत नाही. ती पाण्यातून काम करते. मुरमाड जमिनीत पाणी लवकर निघून जाते, वेलीला वेळेवर ताण बसतो, शेंडा थांबतो, मणी लहान राहतो. अशा भागातली शिराझ गडद रंगाची, घट्ट टॅनिनची होते. काळ्या जमिनीत ओल टिकून राहते, बगलफुटी (पानांच्या बगलेतून येणाऱ्या फुटी) चालूच राहतात, घड सावलीत पडतात. रस जास्त निघतो, पण रंग फिका, सामू (पीएच) चढा म्हणजे आंबटपणा कमी, आणि काबर्ने असेल तर हिरव्या ढोबळ्या मिरचीचा वास मागे राहतो. शेनिन ब्लाँला मात्र मध्यम काळी जमीन मानवते. तिथे तिला ताण कमी बसतो आणि आम्लता टिकते.

म्हणून पाणी उतरण्याच्या सुमारास प्लॉटच्या वरच्या, मधल्या आणि खालच्या भागात ओळींच्या मध्ये तीन फूट खोल खड्डे घ्या. मुरूम किती फुटांवर लागतो, पांढऱ्या चुनखडीचे खडे दिसतात का, मुळे कुठवर गेली आहेत, हे लिहून ठेवा. जिथे फरक स्पष्ट आहे तिथे ओळीच्या खांबाला रंगीत पट्टी बांधा. इथून पुढे पाणी, नमुना आणि तोडणी पट्टीनुसार वेगळी. वरचा मुरमाड भाग बहुधा आठवडाभर आधी तयार होतो. तो खालच्यासाठी थांबवून ठेवला तर दोन्हींचे नुकसान होते.

पाणी

पाणी उतरल्यानंतर काळ्या जमिनीत ठिबकचे पाणी आधीच्या निम्म्यावर आणा आणि दोन पाण्यांतील अंतर वाढवा. मुरमाड जमिनीत एक तृतीयांशाने कमी करा, पण अंतर वाढवू नका. थोडे थोडे, वरचेवर द्या. आकड्यापेक्षा वेलीकडे बघणे खात्रीचे. ड्रीपरपासून एक वीत अंतरावर, फूटभर खालची माती मुठीत दाबा. गोळा होऊन बोटाला ओल लागत असेल तर आज पाणी नको. शेंडे आणि ताणे वाढत असतील तर पाणी जास्त होते आहे. घडासमोरची खालची पाने पिवळी पडून गळू लागली, किंवा सकाळी ९ वाजताच पाने मलूल दिसली, तर ताण मर्यादेबाहेर गेला. त्याच दिवशी पाणी द्या.

तोडणीआधी पाणी पूर्ण तोडायचे ते हलक्या जमिनीत ३-४ दिवस, भारी जमिनीत ८-१० दिवस. वजन वाढावे म्हणून शेवटच्या आठवड्यात भरपूर पाणी सोडले तर ब्रिक्स (रसातील साखरेचे माप) खाली येते, मणी तडकतात, आणि वायनरीच्या तपासणीत माल मागे पडतो. ताण दिलेल्या बागेला एकदम भरपूर पाणी तर कधीच देऊ नका.

पालाश आणि सामू

गोडी भरण्यासाठी ०:०:५० (पालाशचे विद्राव्य खत) सोडण्याची सवय इथे सर्वांत महागात पडते. बेसाल्टपासून बनलेल्या काळ्या जमिनीत पालाश मुळातच भरपूर असते. मण्यात जादा पोटॅशियम गेले की ते टार्टारिक आम्लाला निष्प्रभ करते आणि रसाचा सामू चढतो. सामू ३.८ च्या वर गेलेल्या रेड वाइनचा लाल रंग निळसर, मंद होतो, सल्फर डायऑक्साइडचा परिणाम कमी पडतो आणि जिवाणू सहज वाढतात. वायनरी टार्टारिक आम्ल घालून सावरते, पण त्या भागाची ओळख त्यात पुसली जाते. ‘नाशिक व्हॅली वाइन’ला भौगोलिक मानांकन आहे, ते टिकवायचे तर इथे जपले पाहिजे. पानदेठ परीक्षणात कमतरता दिसल्याशिवाय पाणी उतरल्यानंतर पालाश देऊ नका. नत्र तर या काळात नकोच.

डॉग्रिज खुंटावरच्या (ज्या मुळाच्या वेलीवर कलम बांधतात तो खुंट) बागांनी जास्त सावध राहावे. हा खुंट जोमदार आहे आणि पालाशही जास्त उचलतो. ११० आर खुंटावर हा त्रास कमी असतो. नवी लागवड करायची असेल तर भारी जमिनीत वाइनसाठी डॉग्रिज टाळलेला बरा.

पाने किती, कोणत्या बाजूची

एका काडीवर १२ ते १४ निरोगी पाने पुरतात. त्यापुढचा शेंडा मारा, घडाजवळच्या बगलफुटी काढा. उत्तर-दक्षिण ओळीत घडासमोरची एक-दोन पाने फक्त पूर्वेकडून काढा, म्हणजे सकाळचे कोवळे ऊन मिळते. पश्चिमेकडची पाने तशीच ठेवा, कारण फेब्रुवारीतील दुपारच्या उन्हाने मणी करपतात. पूर्व-पश्चिम ओळ असेल तर हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला कललेला असल्याने दक्षिणेची बाजू दिवसभर तापते. तिथे पाने उत्तरेकडून काढा. हे काम पाणी उतरण्याआधी झालेले उत्तम. सावलीत वाढलेले घड जानेवारी अखेरीस एकदम उघडे केले तर दोन-तीन दिवसांत तपकिरी डाग पडतात.

पिकाचा भारही आताच बघा. ८ बाय ४ फुटांवर एकरी सुमारे १३६० वेली बसतात. शिराझचे एकरी ४.५ टन धरायचे तर वेलीला सव्वातीन किलो येतात. घड सरासरी १३० ग्रॅमचा असेल तर वेलीवर २५ घड पुरेत. ८०-९० टक्के मण्यांत पाणी उतरल्यावर जे घड अजून हिरवे-गुलाबी आहेत ते कापून टाका. पांढऱ्या जातींना एकरी ६-७ टनांपर्यंत चालते.

नमुना घेणे आणि मोजणे

ब्रिक्स १६ झाल्यावर आठवड्यातून दोनदा, १९ नंतर दिवसाआड नमुना घ्या. वेळ सकाळी ८ च्या आत. प्रत्येक पट्टीतून २०० मणी, ओळीच्या दोन्ही बाजूंनी. घडाच्या खांद्यावरून, मधून आणि टोकाकडून. कडेच्या ओळी आणि ओळीतील पहिल्या-शेवटच्या वेली सोडा. हात आपोआप पिकलेल्या मण्याकडे जातो आणि ब्रिक्स एक-दीडने जास्त येते. म्हणून घडाकडे न बघता मणी खुडणे चांगले.

मणी पिशवीत चिरडा, रस कापडातून गाळा, थोडा वेळ निवळू द्या. रिफ्रॅक्टोमीटर आधी डिस्टिल्ड पाण्याने शून्यावर आणा. पीएच मीटर ४ आणि ७ च्या बफरने जुळवा. आम्लतेसाठी १० मिली रसात थोडे डिस्टिल्ड पाणी घालून ०.१ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड थेंबाथेंबाने सोडा. पांढऱ्या रसात फिनॉल्फथॅलिनचा फिका गुलाबी रंग टिकला की थांबा. लाल रस हिरवट-करडा होतो, डोळा फसतो. तिथे मीटरवर ८.२ येईपर्यंत सोडा. लागलेल्या मिलीला ०.७५ ने गुणले की टार्टारिक आम्लात प्रतिलिटर ग्रॅम मिळतात. ९.६ मिली लागले तर ७.२ ग्रॅम.

तोडणीचे अंदाज असे. स्पार्कलिंग (फसफसणाऱ्या) वाइनसाठी १७ ते १९ ब्रिक्स, आम्लता ८ ग्रॅमच्या पुढे. सोव्हिन्यों ब्लाँ २० ते २२, सामू ३.१ ते ३.३. शेनिन ब्लाँ २१ ते २२, सामू ३.४ च्या आत. शिराझ आणि काबर्ने २३ ते २४.५, सामू ३.५ ते ३.७. करारात वायनरीने वेगळे दिले असेल तर तेच पाळा. ब्रिक्सला ०.५५ ने गुणले की होणाऱ्या अल्कोहोलचा ढोबळ टक्का मिळतो.

आकडे जुळले तरी मणी तोंडात टाका. बी हिरवी, मऊ असेल तर टॅनिन कच्चे आहे. तपकिरी, दाताखाली कडक फुटणारी हवी. साल चावून रंग लगेच सुटतो का ते बघा. सोव्हिन्यों ब्लाँच्या सालीत पेरूसारखा वास येऊ लागला की जास्त वाट बघू नका. उष्णतेत तो वास दोन-चार दिवसांत विरतो. शिराझ ठरलेल्या वेळेनंतर वेलीवरच मऊ पडून सुरकुतते. तेव्हा वाढलेली ब्रिक्स ही साखरेची भर नसून पाणी उडाल्याची असते. झिनफँडेलमध्ये एकाच घडात हिरवे मणी आणि मनुका सापडतात, तिथे २०० मण्यांऐवजी १५-२० पूर्ण घड चिरडून मोजा.

अवकाळी, भुरी आणि फवारणीची मुदत

ढगाळ हवा आणि थंडीत भुरी (पांढरी बुरशी) वाढते, तर अवकाळी पावसानंतर तडकलेल्या मण्यांवर कूज येते. शेनिन ब्लाँ आणि झिनफँडेलचे घड घट्ट, त्यामुळे आतला एक मणी फुटला की घड सडतो. पाऊस थांबताच काड्या हलवून पाणी झाडा, २४ तासांत फुटके घड काढून बागेबाहेर न्या. ब्रिक्स लक्ष्यापेक्षा एकाने कमी असेल आणि पुढे पुन्हा पावसाचा अंदाज असेल, तर वायनरीशी बोलून माल उतरवणे शहाणपणाचे. मिलीबग किडीचा चिकटा पडलेले घड वेगळे ठेवा, नाहीतर त्यावर वाढणारी काळी बुरशी टाकीत जाते.

गंधकाची शेवटची फवारणी तोडणीआधी किमान ३५ दिवस. रसात गंधक उरले तर यीस्ट त्यापासून हायड्रोजन सल्फाइड बनवते आणि वाइनला सडक्या अंड्याचा वास येतो. तांबेयुक्त औषधे सोव्हिन्यों ब्लाँवर उशिरा मारली तर पेरूसारखा तो सुवास तांब्याशी बांधला जाऊन नाहीसा होतो. शेवटच्या महिन्यात भुरीसाठी बॅसिलस सबटिलिस किंवा ॲम्पेलोमायसिससारखी जैविक औषधे लेबलवरील मात्रेने वापरा. बाकी प्रत्येक औषधाचे काढणीपूर्व अंतर (शेवटची फवारणी ते तोडणी यांतले दिवस) नोंदवहीत तारखेसह लिहा.

तोडणी

पहाटे ४ ला सुरुवात, ९ ला शेवट. मणी थंड असताना क्रेटमध्ये पडला पाहिजे. तापलेल्या मालात रस सुटतो, काळपट पडतो आणि वाटेतच आंबायला लागतो. क्रेट धुऊन वाळवलेले, प्रत्येकी १५ किलोपर्यंत. काठोकाठ भरून एकावर एक ठेवले तर खालचे घड चेंगरतात. पाने, ताणे, सडके घड वेलीजवळच वेगळे करा. प्रत्येक क्रेटवर प्लॉट आणि पट्टीचा रंग लिहा, म्हणजे वायनरीला मुरमाड भागाचा माल वेगळ्या टाकीत घेता येतो. मेटाबायसल्फाइट (माल टिकवणारी पूड) वायनरीने सांगितले तरच, त्यांच्या मात्रेने टाका.

माल गेला की दुसऱ्याच दिवशी बागेला पाणी द्या. पाने हिरवी राहिली तर वेल एप्रिलच्या खरड छाटणीपर्यंत (जुन्या काड्या कापून नवी फूट घेण्याची छाटणी) खोडात आणि मुळांत अन्नसाठा करते. या काळात बाग वाळवली तर छाटणीनंतर फुटी कमी आणि असमान निघतात. हलक्या जमिनीत नत्राचा एक छोटा हप्ता आता द्या, काळ्या जमिनीत नुसते पाणी पुरते.