टेरिफाय वापरताना या चुका टाळा (मी सगळ्या करून बसलोय)

माझा पहिला इंटरव्ह्यू. समोर तिघं, घशाला कोरड, आणि त्यातल्या बाईंनी नर्व्हस आहेस का विचारल्यावर मी खरं काय ते सांगून टाकावं म्हणून "येस मॅडम, आय ॲम व्हेरी टेरिफाइंग" असं ठोकून दिलं. बाई हसू दाबत खाली बघायला लागल्या. आपण काय बोललो ते मला परतीच्या बसमध्ये कळलं. मी त्यांना सांगून आलो होतो की मी फार भयानक माणूस आहे.

ही चूक सगळ्यात कॉमन. आपल्याकडे घाबरणं वेगळं आणि घाबरवणं वेगळं, मधला तो एक 'व' सगळं काम करतो. टेरिफायमध्ये तो 'व' शेवटच्या 'फाय'मध्ये दडलाय. लॅटिनमध्ये फाकेरे म्हणजे करणे, त्याचाच हा तुकडा, सिम्प्लिफाय म्हणजे सोपं करणं, प्युरिफाय म्हणजे शुद्ध करणं, तसं टेरिफाय म्हणजे समोरच्याला घाबरवून सोडणं. म्हणून नुसतं "आय टेरिफाय" म्हटलं की ऐकणारा विचारणार, कोणाला बाबा? घाबरला तो टेरिफाइड, ज्याने घाबरवलं तो टेरिफाइंग. डाऊट आला की तिथे 'घाबरवणारा' टाकून बघा, वाक्य हास्यास्पद झालं तर टेरिफाइड पाहिजे.

दुसरं, "टेरिफाइड फ्रॉम डॉग्ज" नको. कायमची भीती असेल तर 'ऑफ', आणि एखाद्या आवाजाने वगैरे तेवढ्यापुरती गाळण उडाली तर 'बाय' चालतं.

आणि हो, जरा दचकलात तर लगेच टेरिफाइड नका होऊ, त्याला स्केअर्ड पुरे. टेरिफाइड म्हणजे पाचावर धारण बसली पाहिजे. टेरराइज अजून वेगळं, गल्लीतला गुंड रोज येऊन दहशत बसवतो ते. टेररिझम शब्द तर फ्रेंच राज्यक्रांतीतून आलाय, १७९३-९४ मध्ये तिथल्या सरकारनेच जी दहशत माजवली त्यावरून, म्हणजे सुरुवातीला तो सरकारला लावलेला शब्द होता.

टेरिफिकमध्ये भलेभले फसतात. आज कोणी "टेरिफिक जॉब" म्हणालं तर ती शाबासकी आहे, तोंड पाडून बसू नका. पण जुनं इंग्रजी वाचताना उलटं होतं, इंग्रज कवी मिल्टनने १६६७ च्या पॅराडाइज लॉस्ट या महाकाव्यात सापाच्या आयाळीला टेरिफिक म्हटलंय ते झकास या अर्थाने नाही, धडकी भरवणारी या अर्थाने. आपणही "पिक्चर भयंकर आवडला" म्हणतोच की, त्यात भय कुठे असतं?

आता माझी लाडकी चूक. टेरेस, टेरियर कुत्रा आणि टेरिफाय हे एकाच घरातले असं मला कित्येक वर्षं वाटायचं, कारण टेरियर अंगावर येतो तेव्हा भीती वाटतेच. पण टेरेस आणि टेरियर आले टेरा म्हणजे जमिनीवरून, टेरियर बिळात घुसून शिकार काढणारा कुत्रा ना. टेरिफायच्या मुळाशी आहे लॅटिन टेरेरे, घाबरवणे, आणि त्याचं नातं थेट संस्कृतच्या त्रस् धातूशी, थरथरणे, भिणे. म्हणजे आपला त्रास! संस्कृतात त्रास म्हणजे भीतीच, मराठीत येईपर्यंत तो इतका पातळ झाला की डासांचा त्रास, शेजाऱ्यांचा त्रास, ट्रॅफिकचा त्रास. डिटर हे क्रियापदही त्याच टेरेरेचं, भीती दाखवून मागे फिरवणं. हॉरिफायची गंमत याहून भारी, त्याच्या मुळाचा अर्थ अंगावर काटा येणं आणि त्याचा संस्कृतमधला भाऊ हर्ष, रोमहर्ष मधला, म्हणजे एकाच काट्यावरून तिकडे हॉरर झाला आणि इकडे आनंद.

हे कळल्यावर मी उत्साहात 'त्राहि त्राहि' पण त्यातच घालून एका मित्राला ऐकवलं. तेही चुकलं. त्राहि म्हणजे वाचव, तो धातू वेगळा.