घरच्या घरी रोज २० मिनिटं मौन कसं पाळावं

इटलीतले संशोधक लुचियानो बर्नार्डी यांनी २००६ साली संगीताचा हृदयावर होणारा परिणाम तपासला, तेव्हा एक वेगळीच गोष्ट हाती आली. गाण्यांमध्ये ठेवलेल्या २ मिनिटांच्या शांततेत ऐकणाऱ्यांची नाडी आणि रक्तदाब संगीत सुरू होण्याआधीपेक्षाही खाली उतरले. म्हणजे मौनासाठी डोंगरावर जायला नको. रोजची ठरलेली वेळ मात्र हवी.

वेळ. सकाळी ६ च्या आत बसा. एकदा नळाला पाणी आलं, कुकरच्या शिट्ट्या सुरू झाल्या की जमत नाही. पहिला आठवडा ५ मिनिटं, मग दर आठवड्याला ५ मिनिटं वाढवा. चौथ्या आठवड्यात २० होतात. पहिल्याच दिवशी तासभर बसणारे बहुतेक आठवड्यात सोडून देतात.

तयारी. घरच्यांना आदल्या रात्रीच सांगून ठेवा. मोबाइल बंद करून दुसऱ्या खोलीत ठेवा. नुसता सायलेंटवर असला तरी अर्धं लक्ष तिकडेच राहतं. वेळेसाठी साधं गजराचं घड्याळ पुरे.

कानात बोळे. रस्त्यालगत घर असेल तर फोमचे बोळे घ्या. चूक इथेच होते: बोळा तसाच कोंबला तर कानाच्या तोंडाशीच अडकतो आणि आवाज आत येतच राहतो. आधी तो बोटांत वळून बारीक वात करा. दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर आणि मागे ओढा, बोळा आत सरकवा आणि तो फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवा. कान वाहत असेल किंवा दुखत असेल तर बोळे नकोतच.

बसल्यावर. पाठ ताठ, डोळे मिटलेले, लक्ष नाकपुडीशी येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासावर. खाणाखुणा, चिठ्ठ्या, वाचन काहीच नको. इगतपुरीच्या विपश्यना केंद्रात १० दिवसांच्या शिबिरात आर्य मौन, म्हणजे शरीर, वाणी आणि मन तिन्हींचं मौन, पाळताना खुणांनाही मनाई असते, आणि ते योग्यच आहे. खुणा करतानाही मनात बोलणं चालूच असतं. सुरुवातीला विचारांची गर्दी उसळते. बाहेरचे आवाज थांबले की आतले ऐकू येतात, एवढंच. त्यांच्याशी भांडू नका, पुन्हा श्वासाकडे या. डुलकी येत असेल तर डोळे अर्धे उघडा.

कानात सतत गुणगुण होणाऱ्यांना पूर्ण शांततेत ती जास्त जाणवते. त्यांनी बोळे न घालता पंखा मंद चालू ठेवावा. नैराश्य किंवा घाबरेपणाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांशी बोला, आणि बसल्यावर छाती धडधडू लागली तर लगेच डोळे उघडून उठा.