बीएमएक्स रेसिंग शिकायचंय? आधी पेडल न मारता पळायला शिका

बीएमएक्स रेस (बायसिकल मोटोक्रॉस) म्हणजे ८ जण सायकलवर स्टार्टच्या गेटवर उभे, गेट पडलं की सगळे एकदम सुटणार आणि ३००-४०० मीटरचा ट्रॅक साधारण ३० ते ४० सेकंदात खल्लास. त्यामुळे नवीन पोरांना वाटतं की पाय जोरात फिरवले की झालं. मलाही तसंच वाटायचं, पहिले कित्येक महिने मी नुसता पेडल मारत सुटायचो आणि माझ्यापेक्षा बारीक पोरं पाय न हलवता शेजारून सुर्रकन निघून जायची, तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला.

आधी सायकलचं उरकून घेऊ. २० इंची चाकं, एकच गिअर, ब्रेक फक्त मागचा आणि सीट एकदम खाली, कारण रेसमध्ये बसायचं नसतंच. मोठ्यांसाठी ४४-१६ च्या आसपासचा गिअर (पुढच्या चकतीला ४४ दात, मागच्या चकतीला १६) सुरुवातीला ठीक, म्हणजे पेडल एकदा पूर्ण फिरलं की मागचं चाक पावणेतीन वेळा फिरतं. फुल फेस हेल्मेट, ग्लोव्हज, लांब बाह्या आणि फुल पँट, यात तडजोड नाही, आणि हेल्मेट एकदा जोरात आपटलं की ते बदलायचं, वरून चांगलं दिसत असलं तरी. आणि प्लीज, क्लिपवाले पेडल लगेच घेऊ नका. क्लिपमध्ये पाय अडकलेला असला की सायकल नुसती ओढून वर उचलता येते आणि उडी मारायचं खरं तंत्र कधी शिकलंच जात नाही. वर्षभर तरी साधे फ्लॅट पेडल वापरा.

आता मुख्य मुद्दा, पंप. ट्रॅकवर लहान लहान उंचवटे असतात, त्यांना रोलर म्हणतात. चढावर सायकल वर येते तेव्हा तिला अंगाशी येऊ द्यायचं, कोपर आणि गुडघे सैल सोडायचे, आणि पुढचं चाक माथा ओलांडून उतरायला लागलं की हातांनी हँडल खाली दाबायचं, मग मागचं चाक उतरताना पायांनी दाबायचं. हात मग पाय, हात मग पाय. झोका खेळताना आपण जसा बरोब्बर वेळ साधून जोर लावतो ना, अगदी तसंच. उलटं केलं, म्हणजे चढावर दाबलं, तर प्रत्येक रोलर ब्रेकसारखा लागतो आणि आपल्याला वाटतं आज दमच नाहीये.

यासाठी माझा आवडता सराव म्हणजे उतारावरून सुटायचं आणि त्यानंतर एकही पेडल न मारता जिथपर्यंत जाता येईल तिथपर्यंत जायचं. जिथे थांबलात तिथे खूण करा, पुढच्या वेळी त्याच्या पुढे. सुरुवातीला पहिल्या वळणानंतरच जीव जातो, लाज वाटते, पण नेटाने केलं तर काही आठवड्यांत फरक दिसतो. कोलंबियाच्या मारियाना पहोनने २०१२ आणि २०१६ अशा दोन्ही ऑलिंपिकमध्ये सोनं घेतलं, तिच्या रेसचे व्हिडिओ बघताना ती पेडल कुठे मारते यापेक्षा पाय कुठे थांबवते ते बघा.

पंप जमला की मॅन्युअल, म्हणजे पुढचं चाक हवेत ठेवून मागच्या चाकावर रोलर पार करायचे. हँडल ओढू नका, हात सरळ ठेवून कंबर मागे न्या, चाक आपोआप उचललं जातं. एक बोट कायम ब्रेकवर ठेवायचं, पाठीवर पडतोय असं वाटलं की मागचा ब्रेक हलकासा दाबा, पुढचं चाक लगेच खाली येतं. हे सपाट जागेवर आधी शंभर वेळा करून बघा, नंतर रोलरवर.

उड्यांचं थोडक्यात सांगतो कारण सगळ्यांना तेच आधी शिकायचं असतं आणि तिथेच हातपाय मोडतात. टेबलटॉपवर शिका, म्हणजे सपाट माथ्याच्या उंचवट्यावर, तो मध्ये भरलेला असतो त्यामुळे कमी पडलात तरी वरच उतरता. डबल म्हणजे दोन वेगळे उंचवटे आणि मध्ये खड्डा, तिथे कमी पडलात तर समोरच्या मातीवर चाक आपटतं आणि तुम्ही हँडलवरून पुढे जाऊन पडता. आणि उंच उडणं म्हणजे फास्ट नव्हे हो, हवेत पेडल मारून काही उपयोग नसतो, म्हणून चढाच्या टोकाला गुडघे पोटाशी घेऊन जितकं बुटकं उडता येईल तितकं उडायचं.

आता गेट. यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो, कारण पहिल्या वळणाला जो पुढे असतो त्याला समोर मोकळा ट्रॅक मिळतो आणि बाकीचे एकमेकांची कोपरं खात बसतात. दोन्ही पाय पेडलवर, पुढचं चाक गेटला टेकलेलं, पुढच्या पायाचं पेडल आडव्या रेषेच्या किंचित वर, नजर समोर. मग रेकॉर्डेड आवाज येतो, 'ओके रायडर्स, रँडम स्टार्ट. रायडर्स रेडी, वॉच द गेट', आणि त्यानंतर ०.१ ते २.७ सेकंद कितीही वेळ शांतता. तेवढ्यासाठीच तर रँडम आहे, मोजून सुटता येत नाही. मग बीप आणि लाइट, लाल, पिवळा, पिवळा, हिरवा, आणि गेट पडतं. पहिल्या बीपपासून गेट पडेपर्यंत अर्धा सेकंदही जात नाही, म्हणून हिरव्याची वाट बघत बसलात तर संपलं, पहिल्या बीपलाच अंग हलायला हवं. चाक गेटपासून किंचित मागे येतं आणि त्याच झटक्यात कंबर हँडलकडे जाते, पुढचा पाय सगळं वजन घेऊन खाली. घाई मात्र नको. मी एकदा बीपच्या आधीच हललो, गेट अजून उभंच, चाक त्याच्यावर आपटलं, गुडघा स्टेमवर (हँडल जिथे बसवलेलं असतं तो भाग), आणि बाकीचे सात जण पहिल्या उडीपर्यंत पोचले तरी मी तिथेच गुडघा चोळत. गेट नसेल तर भिंतीला किंवा विटेला चाक टेकवून बॅलन्सची प्रॅक्टिस करा, ३० सेकंद न डगमगता उभं राहता आलं पाहिजे.

वळणांना बर्म असतात, म्हणजे बाहेरच्या बाजूने उंच चढवलेली माती. समोरच्याला मागे टाकायचं असेल तर वरून शिरा आणि खालून आत कापत बाहेर या. तुम्हीच पुढे असाल तर आतली बाजू उघडी टाकू नका. नजर वळणाच्या शेवटाकडे, पुढच्या चाकाकडे बघितलं की सायकल तिथेच अडखळते.

फिटनेससाठी तासन्‌तास सायकल दामटायची गरज नाहीये, हा खेळ स्फोटक ताकदीचा आहे. आठवड्यातून दोनदा उभ्या उभ्या ५ ते ८ सेकंदांचे स्प्रिंट, ६ ते ८ वेळा, आणि प्रत्येकानंतर ३-४ मिनिटं पूर्ण आराम. आराम कमी केला तर घाम जास्त येतो, मजा वाटते, पण वेग वाढत नाही, नुसतं थकणं होतं. हंगाम जवळ आला की एक दिवस ३० सेकंदांचे तीन-चार फुल दमाचे स्प्रिंट घाला, ते करताना उलटीसारखं होतं, सवय होईल. जिममध्ये दोन दिवस स्क्वॅट, डेडलिफ्ट, बॉक्स जंप, पुल-अप आणि प्लँक. वजन उचलायला कोणीतरी नीट शिकवलेलं असू दे. लहान मुलांना जड वजनं नकोत, त्यांना उड्या मारू दे, पळू दे. हिप्स आणि घोटे मोकळे ठेवणं लोक विसरतात आणि मग गेटवर कंबर पुढे जातच नाही.

रेसच्या दिवशी बऱ्याच ठिकाणी तीन फेऱ्या होतात आणि मग पुढचे राउंड, म्हणजे ४० सेकंदांचं काम दिवसभर पुरवायचं. मधल्या वेळात सावलीत बसा, थोडं थोडं खात राहा, फेरीच्या १०-१५ मिनिटं आधी पुन्हा अंग गरम करा. पहिल्या रेसला तर लवकर पोचा आणि गेटच्या शेजारी उभं राहून दुसऱ्यांचे दहा-पंधरा स्टार्ट नुसते ऐका, डोळे मिटून, पहिल्या बीपला बोटाने हँडलवर टकटक करत.