गुन्हा किरकोळ, डोकेदुखी मोठी: पोलीस रेकॉर्ड साफ करताना या चुका टाळा

जुगाराच्या अड्ड्यावर धाड पडते, बघ्यांसकट सगळ्यांची नावं लिहिली जातात. काही महिन्यांनी समन्स येतं. कोर्टात पुकारा होतो, न्यायाधीश विचारतात, "गुन्हा कबूल आहे का?" मागून कुणीतरी कुजबुजतं, "हो म्हण, दंड भर, सुटशील." तो हो म्हणतो, दंड भरतो, पावती खिशात घालतो आणि घरी जातो. चार वर्षांनी सरकारी नोकरीची निवड यादी लागते, चारित्र्य पडताळणीचा फॉर्म हातात पडतो आणि त्यात प्रश्न असतो: आपणांस कधी न्यायालयाने शिक्षा केली आहे काय?

उत्तर "होय" आहे. ते त्याला त्या क्षणापर्यंत माहीतच नसतं.

दंड म्हणजे शिक्षाच

गुन्हा कबूल करून कोर्टात दंड भरला की ती दोषसिद्धी होते. तुरुंगात गेला नाहीत म्हणून शिक्षा झाली नाही, असं नाही. वाहतूक पोलिसांचं ई-चलन भरणं वेगळं, ती तडजोड असते. पण दारू पिऊन गाडी चालवल्याचं प्रकरण तसं जागेवर मिटत नाही, ते कोर्टातच जातं आणि तिथे "हो" म्हटलं की नोंद लागते.

यातला खरा काच पुढे आहे. कबुलीवर शिक्षा झाली की दोषसिद्धीविरुद्ध अपीलच करता येत नाही, फार तर शिक्षेचं प्रमाण किंवा तिची कायदेशीरता यावर दाद मागता येते. आरोप नीट समजावून न सांगता कबुली घेतली असेल, तर पुनरीक्षण अर्जाचा, म्हणजे वरच्या कोर्टाने निकाल तपासावा अशा अर्जाचा, रस्ता राहतो. त्याची मुदत ९० दिवस. उशीर झाला तर माफीचा अर्ज करता येतो, पण उशिराचं कारण पटण्यासारखं हवं. "मला माहीत नव्हतं" एवढ्यावर भागत नाही.

म्हणून कबूल करायचंच असेल, तर त्याच दिवशी परिविक्षेची (प्रोबेशनची) मागणी करा. गुन्हेगार परिविक्षा अधिनियम, १९५८ हा कायदा नेमका अशा माणसांसाठी आहे. कलम ३ खाली समज देऊन किंवा कलम ४ खाली चांगल्या वर्तनाच्या बंधपत्रावर सोडता येतं आणि कलम १२ म्हणतं की अशा माणसाला दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता लागू होणार नाही. दोषसिद्धी पुसली जात नाही, तिची नांगी मोडते. हा फरक लक्षात ठेवा, कारण "परिविक्षा मिळाली म्हणजे केसच नव्हती" असं फॉर्मवर लिहिणारेही असतात. वेळ निघून गेली असली तरी अपिलात वरच्या कोर्टाकडे ही मागणी करता येते. गंमत अशी की मागितलं तर बऱ्याचदा विचार होतो, पण दंड भरून लवकर सुटायच्या घाईत ते मागायचंच राहून जातं.

"रेकॉर्ड काढून देतो" म्हणणारा माणूस

कोर्टाच्या आवारात, झेरॉक्सच्या दुकानात, कधी पोलीस ठाण्याच्या बाहेर हा भेटतो. पैसे द्या, नाव काढून टाकतो. त्याच्या नादी लागू नका. काही देशांत ठराविक वर्षांनी किरकोळ शिक्षेची नोंद पुसण्याचा सरळ कायदा आहे. आपल्याकडे सज्ञान व्यक्तीसाठी तसा सर्वसाधारण कायदा नाही. म्हणजे जे काही होतं ते कोर्टाच्या आदेशाने होतं, आणि तुमचा रस्ता कोणता हे तुमची केस कुठे अडकली आहे किंवा कशी संपली आहे, यावर ठरतं.

त्यामुळे वकिलाकडे जाण्याआधी एक काम स्वतः करा. ई-कोर्टच्या संकेतस्थळावर १६ अक्षर-अंकांच्या सीएनआर क्रमांकाने (प्रत्येक केसचा हा वेगळा असतो) किंवा नावाने केस शोधा आणि निकालाची प्रमाणित नक्कल काढा. "माझ्यावर एक केस होती" एवढं सांगून कुणीच मदत करू शकत नाही. ती एनसी होती, की गुन्हा दाखल होता? एनसी म्हणजे अदखलपात्र नोंद, तिच्यावर पुढे काही झालंच नसेल तर ती शिक्षा नव्हे. चॅप्टर केसही शिक्षा नव्हे, ती शांतता राखण्याची हमी असते. पोलिसांनी तपास बंद केला असेल तर ए, बी की सी समरी (तपास बंद करतानाचा अहवाल), आणि ती कोर्टाने मंजूर केली का? तक्रार खोटी ठरली तर बी, गैरसमजातून किंवा दिवाणी वादातून आलेली असेल तर सी. ए मात्र फसवी: गुन्हा खरा, पण आरोपी सापडला नाही, असा तिचा अर्थ.

नक्कल वेळेत काढण्याचं आणखी एक कारण आहे. किरकोळ खटल्यांची कागदपत्रं कोर्ट कायमची ठेवत नाही, ठराविक वर्षांनी नष्ट करतं. पोलिसांच्या संगणकात नाव राहतं आणि सुटल्याचा पुरावा मात्र रद्दीत जातो.

घरात मिटलं, कोर्टात नाही

शेजाऱ्याशी भांडण झालं, मारामारीची केस झाली, मग पंचांनी बसवून मिटवलं, स्टॅम्पपेपरवर दोघांनी सह्या केल्या. झालं? नाही. तो कागद कोर्टात दाखल होऊन तडजोड नोंदवली गेली नाही, तर केस चालूच राहते. तुम्ही तारखेला जाणं बंद करता आणि एक दिवस वॉरंट दारात येतं. तडजोडीयोग्य गुन्ह्यात भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५९ खाली (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं ३२०) कोर्टात मिटवलं, तर त्याचा परिणाम निर्दोष सुटल्यासारखाच असतो. इतका चांगला निकाल कागद तिजोरीत ठेवून घालवू नका.

गुन्हा तडजोडीयोग्य नसेल, तर कलम ५२८ खाली (जुनं ४८२) उच्च न्यायालयात गुन्हा रद्द करण्याचा अर्ज. ग्यान सिंग प्रकरणात २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्यक्तिगत स्वरूपाच्या वादांसाठी ही वाट स्पष्ट केली. कोल्हापूर, सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्गच्या लोकांना त्यासाठी आता मुंबई गाठावी लागत नाही, ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं कोल्हापूरचं सर्किट बेंच सुरू आहे.

आंदोलनातले गुन्हे "सरकारने मागे घेतले" ही बातमी वाचूनही निश्चिंत होऊ नका. सरकारी वकिलाने अर्ज करावा लागतो आणि कोर्टाने संमती द्यावी लागते. तुमच्या केसमध्ये तो आदेश झाला का, ते रोजनाम्यात (कोर्टाच्या तारीखवार नोंदीत) बघा.

लपवणं

आधीच्या सगळ्या चुका कशातरी निस्तरता येतात, ही फार कठीण. अवतार सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये सांगितलं की लहान वयात घोषणा देण्यासारखा क्षुल्लक गुन्हा असेल, तर नोकरी देणारा तो लपवल्याची चूक माफ करू शकतो. "करू शकतो", केलंच पाहिजे असं नाही. खरं सांगितल्यावर गुन्ह्याचं वजन होतं, खोटं पकडल्यावर तुमचं.

फॉर्म वाचताना प्रश्नाचे शब्द बघा. अटक झाली होती का, गुन्हा दाखल झाला होता का, खटला चालू आहे का, शिक्षा झाली का, हे चार वेगळे प्रश्न आहेत. निर्दोष सुटलेल्या माणसालाही पहिल्या दोघांचं उत्तर "होय" द्यावं लागू शकतं. सोबत निकालाची नक्कल जोडा.

उलट बाजूची चूकही होते. अठराच्या आतल्या प्रकरणाबद्दल घाबरून सगळं लिहून टाकणारी मुलं असतात. बाल न्याय कायदा, २०१५ च्या कलम २४ नुसार त्यामुळे अपात्रता येत नाही आणि अपिलाची मुदत संपल्यावर नोंदी नष्ट करायच्या असतात. अपवाद फक्त सोळा वर्षांवरील मुलाच्या अतिगंभीर गुन्ह्याचा, बाल न्यायालयाने तो सज्ञानाप्रमाणे चालवला असेल तर.

पासपोर्टबद्दल विनाकारण धास्ती असते. किरकोळ दंडाने तो अडत नाही. कायद्यात अडवणूक आहे ती अर्जाआधीच्या पाच वर्षांत, नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात किमान दोन वर्षांची शिक्षा झाली असेल तर. चालू खटला मात्र अडवतो. त्यासाठी १९९३ च्या अधिसूचनेप्रमाणे ज्या कोर्टात खटला आहे, तिथून परवानगी आणावी लागते.

सुटल्यावरचं शेवटचं काम कंटाळवाणं आहे. निकालाची प्रमाणित नक्कल अर्जासोबत पोलीस ठाण्यात आवक क्रमांक घेऊन द्या आणि नोंद अद्ययावत करायला सांगा. "केस प्रलंबित" असा शेरा वर्षानुवर्षं तसाच राहिलेला अनेकांनी पाहिला आहे. महिन्याभराने पुन्हा जाऊन विचारा, आवक क्रमांकाचा कागद सोबत घेऊन.